दोन शाळा, एक गाव : सहावी ते आठवीचा पट आणि गुणवत्ता नेमकी कशी ताडून पाहावी?

तेरणाकाठ (धागालेखक)

येत्या ग्रामसभेत आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या सहावी ते आठवीच्या वर्गांचा विषय निघणार आहे. त्याआधी या क्षेत्रातल्या जाणकारांशी सविस्तर बोलून घ्यावे म्हणून हा धागा काढतो आहे. गाव धाराशिव जिल्ह्यातले, हजार उंबऱ्यांच्या आतले. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते आठवीची आहे. वेशीबाहेर एका संस्थेचे अनुदानित हायस्कूल आहे, तिथे पाचवी ते दहावीचे वर्ग भरतात. शिवाय रोज सकाळी तालुक्याच्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या गाड्या पाराजवळ येऊन उभ्या राहतात. चौथी-पाचवीपर्यंत जिल्हा परिषदेचे वर्ग भरलेले दिसतात आणि सहावीपासून बाके रिकामी होऊ लागतात. यावरून गावात दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो, पट घसरला म्हणजे शाळा बिघडली, हे वर्ग आता हायस्कुलात मिळवून टाकावेत. दुसरा म्हणतो, गुरुजी चांगले आहेत, लोकांनाच टाय-बुटाची भूल पडली आहे. दोघांच्याही हातात आकडे आहेत, पण एकाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील असे नाहीत, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

हा विषय आपल्याकडे इतका जिव्हाळ्याचा का होतो, हेही सांगितले पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतली माध्यमिक शाळा बहुतांशी खाजगी संस्थांनी उभी केली. मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत माध्यमिक शिक्षण प्रामुख्याने सरकारी होते आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर तो वारसा त्यांच्याकडे आला. म्हणून जिल्हा परिषदेची प्रशाला आपल्या मोठ्या गावांतून आजही दिसते, आणि आज साठीत असलेल्या माणसांना त्या शाळेबद्दल बोलताना भरून येते. मलाही येते. परंतु ग्रामसभेत निर्णय घ्यायचा तर हिशेब नीट मांडावा लागेल.

पहिला प्रश्न पटाचा. शाळेचा पट म्हणून जो आकडा सांगितला जातो तो ३० सप्टेंबरचा असतो, कारण यू-डायसची (देशभरच्या शाळांच्या सरकारी नोंदीची) माहिती आणि संच मान्यता (शाळेला शिक्षकांची किती पदे द्यायची त्याची मंजुरी) या दोन्हींसाठी तीच तारीख धरली जाते. हा आकडा गेल्या दहा वर्षांत घसरला, एवढ्यावरून शाळेविषयी काहीच सिद्ध होत नाही, कारण गावात मुलेच कमी जन्माला येत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर २०१५-१६ मध्ये १.९ होता आणि २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. शिवाय तरुण जोडपी पुणे आणि छत्रपती संभाजीनगरकडे निघून जातात ती वेगळीच. जून २०२५ मध्ये सहावीत बसलेली मुले साधारणपणे २०१३-१४ मध्ये जन्मलेली आहेत. तेव्हा त्या वर्षांची ग्रामपंचायतीची जन्मनोंद आणि अंगणवाडीचे रजिस्टर काढून, त्या वयाची किती मुले आज गावात राहतात आणि त्यांपैकी किती कोणत्या शाळेत जातात, हे पाहायला हवे. पट निम्म्यावर आला आणि गावातली मुलेही निम्म्यावर आली, तर शाळेने काहीही गमावलेले नाही. मुले तेवढीच असताना पट निम्म्यावर आला असेल, तर मात्र कारण शोधावेच लागेल.

दुसरी गोष्ट इयत्तांची. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे गट ठरवले, पण आपल्या गावांतल्या शाळा त्याआधीच्या रचनेवर उभ्या आहेत. कुठे चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत, आणि हायस्कूल पाचवीपासून किंवा आठवीपासून. सातवीपर्यंतच वर्ग असलेल्या शाळेतून आठवीला सगळी मुले बाहेर पडतात, ती पळालेली नसतात. तिथे पुढचा वर्गच नाही. अशा शाळेची आमच्या आठवीपर्यंतच्या शाळेशी तुलना करून ‘त्यांची गळती जास्त’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. आमच्या शेजारच्या गावाबद्दल नेमके हेच बोलले गेले होते, म्हणून लिहितो.

गुणवत्तेचा प्रश्न याहून अवघड आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०२१ मध्ये १२ नोव्हेंबरला झाले आणि त्यात आठवीचा वर्ग होता. त्यानंतरचे ‘परख’ सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी झाले, त्यात तिसरी, सहावी आणि नववी होती. दोन्ही सर्वेक्षणे निवडक शाळांतल्या निवडक मुलांची आहेत. त्यांतून जिल्ह्याचे चित्र कळते, एका गावच्या एका शाळेचे कळत नाही. ‘प्रथम’ संस्थेचा ‘असर’ हा अहवाल घरोघरी जाऊन मुलांना वाचायला आणि भागाकार करायला सांगतो, ही पद्धत मला फार पटते, पण तोही गावनिहाय निकाल देण्यासाठी नसतो. या अहवालांतला जिल्ह्याचा आकडा घेऊन कोणी आमच्या शाळेला झोडपू नये आणि कोणी तिची पाठही थोपटू नये.

मग गावापुरते उरते काय? माझ्या मते २०२३-२४ पासून सुरू झालेली नियतकालिक मूल्यांकन चाचणी हे त्यातल्या त्यात उपयोगी साधन आहे. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांची तीच प्रश्नपत्रिका जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या मुलांपुढे येते. उत्तरपत्रिका त्याच शाळेतले शिक्षक तपासतात, ही तिची कमजोर बाजू आहे. त्याखेरीज आठवीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची म्हणजे एनएमएमएसची परीक्षा आहे, तिचा निकाल शाळेबाहेर लागतो. पण ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठीच असल्यामुळे पिवळ्या गाडीच्या शाळा त्या तुलनेत येतच नाहीत.

आणि या सगळ्यावर एक अडचण आहे ती लहान आकड्यांची. आठवीच्या वर्गात आठ मुले असतील तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. यंदा सहा मुलांना भागाकार आला आणि पुढच्या वर्षी सात मुलांना आला, तर निकाल ७५ वरून ८७.५ वर गेला असे फलकावर लिहिता येते; प्रत्यक्षात एका घरातले एक मूल जास्त शिकले, एवढेच घडलेले असते. म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की वर्गांची तुलना सोडून तुकडीची तुलना करावी. २०२२-२३ मध्ये पाचवीत असलेली गावातली सगळी मुले घ्यावीत, ती कोणत्याही शाळेत गेली असोत, आणि २०२५-२६ मध्ये त्यांतले प्रत्येक मूल कुठे आहे आणि काय वाचू-लिहू शकते ते नावानिशी पाहावे. नंतर मागच्या-पुढच्या दोन तुकड्या त्यात मिळवाव्यात. हे काम शाळा व्यवस्थापन समितीला करता येईल असे मला वाटते. यात काय राहून जाते आहे, ते कृपया सांगावे.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या पट्ट्यात बरीच वर्षे मुख्याध्यापिका होते. आपली मांडणी मला पटली, पण आपल्या गावातून कोयता (ऊसतोडीला जाणारी जोडपी) जात असेल तर ३० सप्टेंबरच्या आकड्यावर अजिबात विसंबू नका. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या गाड्या भरतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे माणसे परत येतात. सप्टेंबरात हजेरीपटावर असलेली मुले जानेवारीत कारखान्याच्या तळावर असतात. काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात, आजीजवळ राहून दोन वेळा तिथे जेवतात. काही, विशेषतः सहावी-सातवीतल्या मुली, धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी आईबरोबर जातात.

माझ्या शाळेतल्या सातवीच्या हजेरीपटाचे पान आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. जून ते ऑक्टोबर पूर्ण हजेरी असलेली एक मुलगी, अक्षर अतिशय सुंदर, नोव्हेंबरपासून तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची सलग ओळ, आणि एप्रिलमध्ये पुन्हा हजेरी सुरू, तीही थेट संकलित चाचणीच्या आठवड्यात. तिला अपूर्णांकांची बेरीज आली नाही. वर्षाच्या तक्त्यात ते शाळेचे अपयश म्हणून नोंदले गेले, आणि शेजारच्या ज्या शाळेतून कोणीही स्थलांतर करत नव्हते ती शाळा आमच्यापेक्षा गुणवान ठरली.

म्हणून एक स्तंभ वाढवा : मूल वर्षभरात प्रत्यक्ष किती दिवस वर्गात होते. हजेरीपटाबरोबरच शालेय पोषण आहाराची रोजची नोंद पाहा. आठवीपर्यंतच्या मुलांना आहार मिळतो आणि रोज किती मुले जेवली हे लिहावेच लागते. जिथे हजेरी आणि आहाराची नोंद यांचा मेळ बसत नाही, तिथे समितीने शांतपणे विचारणा करावी. आणि परतलेल्या मुलांचा निकाल वेगळा मांडावा. त्यांना वगळू मात्र नये, कारण ती आपल्याच गावची मुले आहेत.

काळी_माती

मी पालक म्हणून लिहिते आहे. माझी मुलगी पाचवीपर्यंत गावच्या जिल्हा परिषद शाळेत होती आणि सहावीला आम्ही तिला तालुक्याच्या शाळेत घातले. धाग्यात टाय-बुटाच्या भुलीचा उल्लेख आला आहे. तो आपला स्वतःचा नाही हे मला समजते, परंतु गावोगावी आम्हा पालकांबद्दल हेच बोलले जाते म्हणून सांगते. आम्ही निकाल पाहून शाळा बदलली नाही आणि गणवेश पाहूनही नाही. सहावी ते आठवी या तिन्ही वर्गांना मिळून दोन शिक्षक होते, त्यांतले एक भाषेचे आणि एक समाजशास्त्राचे. गणित-विज्ञानाची जागा रिकामी होती आणि ती कधी भरणार हे कोणीच सांगू शकत नव्हते. कायद्याच्या परिशिष्टात उच्च प्राथमिक वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक असावा असे स्पष्ट म्हटले आहे. दोन्ही शिक्षक मनापासून शिकवत होते, बाई तर शनिवारी शाळा सुटल्यावरही मुलींना थांबवून घेत. पण ज्या विषयाचा शिक्षकच नाही तो विषय मुलीने कोणाकडून शिकायचा?

आपल्या तक्त्यात प्रत्येक शाळेसमोर तीन विषयांच्या तीन जागा लिहा आणि त्या वर्षातल्या किती महिन्यांत त्या भरलेल्या होत्या ते लिहा. पालकांची पावले कुठे आणि का वळतात, ते पटापेक्षा त्यावरून लवकर कळेल.

गोदाकाठ

नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे. पट हा आकडा आपल्याकडे निरागस राहिलेला नाही, हे आधी लक्षात घ्यावे. बोगस पटाचा प्रश्न सर्वप्रथम आमच्याच जिल्ह्यातल्या तपासणीतून ठळकपणे पुढे आला आणि त्यानंतर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली, तेव्हा मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली होती. आज नोंद मुलागणिक होते, आधारशी जोडली जाते, त्यामुळे तसे प्रकार पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाहीत. पण पटावर पदे अवलंबून असल्यामुळे जून महिन्यात मुलांसाठी जी ओढाताण चालते ती कायम आहे. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाची नोकरी पटावर, आमची गावातली जागा पटावर. दोन्हीकडचे शिक्षक उन्हाळ्याच्या सुटीत घरोघरी फिरतात. काही ठिकाणी दप्तर, वह्या, सायकल, मोफत गाडी अशी आमिषे दिली जातात. तेव्हा एखाद्या वर्षी पट अचानक वाढला तर शिकवण्यात काय बदलले, याबरोबरच त्या जूनमध्ये काय वाटले गेले, हेही विचारावे.

काळी_माती ताईंनी जे लिहिले त्यामागचे यंत्र असे आहे. उच्च प्राथमिक गटाला ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण आहे. पट घटला की संच मान्यतेत पद कमी होते, त्या पदावरचा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजित होतो, विषय उघडा पडतो, आणि ते पाहून आणखी चार पालक दाखला मागायला येतात. पुढच्या ३० सप्टेंबरला पट आणखी खाली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संच मान्यतेचे निकष बदलले तेव्हा वीसच्या आतल्या पटाच्या सहावी ते आठवीच्या वर्गांचे काय होणार, यावर शिक्षक संघटनांनी जो आक्षेप घेतला तो याच भीतीपोटी होता. आपल्या तुलनेत कारण आणि परिणाम यांची ही साखळी वर्षवार दिसली पाहिजे : पद आधी गेले की मुले आधी गेली? आमच्या केंद्रातल्या (जवळच्या शाळांच्या गटातल्या) दोन शाळांत मी हे जुन्या रजिस्टरांवरून जुळवून पाहिले. एका ठिकाणी मुले आधी गेली होती, दुसऱ्या ठिकाणी शिक्षक. दोन्हींवरचा उपाय एकच कसा असेल?

आणखी एक. सहावीच्या तोंडाशी आमच्या शाळेतली सर्वांत तयार मुले नवोदयला जातात. शंकरनगरच्या नवोदय विद्यालयात निवड झाली की गावात मिरवणूक निघते, ती निघायलाच हवी, कारण पाचवीच्या गुरुजींनी वर्षभर पहाटे तयारी करून घेतलेली असते. पण त्याच वर्षी सहावीचा पट दोनाने कमी होतो आणि वर्गातले पहिले दोन क्रमांक निघून गेल्यामुळे सरासरीही खाली येते. यश मिळाल्याने शाळेचे दोन्ही आकडे उतरतात. तुकडीच्या हिशेबात अशा मुलांना गावच्या शाळेच्या खात्यावर ठेवावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

मांजरापट्टा

हायस्कुलाच्या बाजूने नेहमी दहावीचा निकाल दाखवला जातो. वेशीवर फलक लागतो, ‘यंदाही शंभर टक्के’. दहावीचा निकाल फॉर्म भरलेल्या मुलांचा असतो. सहावीला किती होती आणि त्यांतली किती दहावीच्या फॉर्मपर्यंत पोचली, ते त्यात नसते. कच्च्या मुलांना नववीतच १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसण्याचा) फॉर्म भरायला सुचवण्याचे प्रकार काही ठिकाणी होतात. शिवाय जिल्हा परिषदेची शाळा आठवीला संपते, तिच्यापाशी दाखवायला दहावी नाहीच. आम्हा लातूरकरांना ही सवय जास्त आहे. बारावीच्या यशावर ‘लातूर पॅटर्न’चे नाव झाले आणि पाचवी-सहावीच्या मुलाचे पालकही शाळेचा बारावीचा निकाल विचारू लागले. सहावी ते आठवीत मुलाला काय मिळाले, हे त्यातून कळत नाही.

पूर्णाकाठ

मी थोडे विरोधी मत मांडतो, आणि ते पूर्ण विचारांती मांडतो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या सातवीत पाच मुले होती. शिक्षक उत्तम होते. तरीही त्या पाच मुलांना संघ करून खेळता येत नव्हते, वादविवाद करता येत नव्हता, गटात प्रयोग करता येत नव्हता, आणि त्यांतल्या दोघांचे भांडण झाले की वर्गच दुभंगत असे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला शिक्षकाइतकीच सोबत्यांची गरज असते. कायद्याच्या नियमांत उच्च प्राथमिक शाळेसाठी तीन किलोमीटरचे अंतर धरलेले आहे आणि आमच्या गावचे हायस्कूल त्याच्या आत आहे. मग दोन अर्धवट वर्ग चालवण्यापेक्षा एक भरलेला, तिन्ही विषयांचे शिक्षक असलेला वर्ग का नको? तुलना करताना ‘आपली शाळा टिकली पाहिजे’ हे उत्तर आधीच ठरवून बसू नये, एवढीच विनंती आहे.

बालाघाट

पूर्णाकाठ यांचे म्हणणे मी मोकळ्या मनाने वाचले. सोबत्यांबद्दलचा मुद्दा खरा आहे, बहुवर्ग अध्यापनात मी तो रोज पाहिला आहे. परंतु तीन किलोमीटर हे नकाशावरचे अंतर आणि सातवीतल्या मुलीचे अंतर यांत फरक पडतो. वाटेत ओढा असेल, उसाचे फड असतील, एस.टी. वेळेवर नसेल, तर घरची माणसे मुलीला पाठवायला कचरतात. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातल्या गाड्या आणि सायकली यांनी पुष्कळ मुली शाळेत टिकल्या हे मी स्वतः पाहिले आहे, पण गाडी ज्या फाट्यावर थांबते त्या फाट्यापासून वस्ती किती लांब आहे, ते कोणी मोजत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांमध्ये अठरा वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. परभणीत ते ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३ टक्क्यांहून अधिक होते. ज्या जिल्ह्यांत ही स्थिती आहे तिथे गावातला आठवीचा वर्ग बंद करण्याचा परिणाम मुलामुलींवर सारखा होणार नाही. विलीनीकरणाचा विचार जरूर व्हावा, पण आधी मुलींचा आणि मुलांचा हिशेब वेगवेगळा मांडून.

पूर्णाकाठ

हे मान्य. आमच्या गावी विलीनीकरणानंतर वस्तीवरच्या मुलींचे काय झाले, याची नोंद कोणी ठेवली नाही. ती ठेवली असती तर मी आज अधिक ठामपणे बोलू शकलो असतो. हायस्कूल गावातच वेशीबाहेर असेल, जसे धागालेखकांच्या गावी आहे, तर अंतराची अडचण गावठाणातल्या मुलींना येणार नाही. तांड्यावरच्या आणि शेतवस्तीवरच्या मुलींना येईल. तेव्हा तक्त्यात घर कुठे आहे हेही लिहावे.

तेरणाकाठ (धागालेखक)

सर्वांचे मनापासून आभार. बालाघाट बाईंचा स्थलांतराचा मुद्दा आमच्या गावाला थेट लागू आहे, कारण तांड्यावरची बरीच कुटुंबे कोयत्यावर जातात आणि ग्रामसभेत त्यांच्या वतीने बोलणारे तेव्हा गावात कोणी नसते. सभा त्यांच्या निघण्याआधी घ्यावी, अशी सूचना मी सरपंचांकडे करणार आहे.

या चर्चेनंतर मी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या परवानगीने जनरल रजिस्टर आणि दाखल्यांची पुस्तिका पाहिली. शाळा सोडण्याच्या कारणाच्या रकान्यात ओळीने एकच मजकूर आहे : ‘पालकांच्या विनंतीवरून’. नवोदयला गेलेला मुलगा, आईवडिलांबरोबर चाकणला गेलेली मुलगी, गणिताचे शिक्षक नाहीत म्हणून हायस्कुलात गेलेला मुलगा आणि लग्न ठरल्यामुळे शाळा सुटलेली मुलगी, या सगळ्यांपुढे तेच दोन शब्द. मुख्याध्यापकांनी नियमाप्रमाणेच लिहिले आहे, त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण गावाने जर या रकान्यावरून काही शिकायचे म्हटले तर काहीच शिकता येत नाही. खरे कारण घरी जाऊनच विचारावे लागेल, आणि तेही शिक्षकाने विचारण्यापेक्षा समितीतल्या एखाद्या आईने विचारले तर जास्त खरे कळेल. समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात ही तरतूद अशा कामासाठी उपयोगी पडावी.

तक्ता असा करतो आहे. प्रत्येक मुलासाठी एक ओळ, नाव समितीपुरतेच राहील आणि ग्रामसभेत फक्त बेरजा मांडल्या जातील. घर गावठाणात, तांड्यावर की शेतवस्तीवर. मुलगा की मुलगी. पाचवी कुठे, आज कुठे. मधल्या काळात कोयत्यावर गेले का. शाळा बदलली असल्यास खरे कारण. सहावीच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत आणि आठवीच्या संकलित चाचणीत गणित व भाषेची स्थिती. आणि समितीने स्वतः समोर बसवून घेतलेले एक पान वाचन आणि एक भागाकार. हे शेवटचे मी ‘असर’च्या पद्धतीवरून घेतले आहे, कारण पिवळ्या गाडीच्या मुलांसाठी दुसरे समान माप मला सापडले नाही. दोन्ही शाळांतल्या तीन विषयांच्या जागा महिन्यांनुसार स्वतंत्र कागदावर येतील आणि त्याच्या शेजारी प्रत्येक वर्षाचा पट, म्हणजे गोदाकाठ सरांनी विचारलेला ‘आधी कोण गेले’ हा प्रश्न निदान तपासता येईल.

हायस्कुलाच्या मुख्याध्यापकांनीही माहिती देण्याची तयारी दाखवली, त्याचा मला विशेष आनंद झाला. त्यांचे म्हणणे एवढेच होते की पाचवीला त्यांच्याकडे येणारी मुले कोणत्या तयारीची होती, तेही लिहावे. ते रास्त आहे. दोन्ही शाळांना हाच नियम लावला जाईल : मूल आले तेव्हा काय येत होते आणि निघाले तेव्हा काय येत होते, यांतला फरक शाळेचा; आधीच येत होते ते मुलाने घरून आणलेले.

एक अडचण उरली आहे. जी मुले गावाबाहेर, मामाकडे किंवा पुण्याकडे गेली, त्यांची पुढची शाळा कळत नाही. अशांना ‘गळती’ म्हणावे की ‘स्थलांतर’?

गोदाकाठ

दोन्हीपैकी काहीही लगेच लिहू नका. यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक मुलाला कायम शिक्षण क्रमांक असतो. आपल्या शाळेने मूल सोडले की ते ड्रॉपबॉक्समध्ये जाते आणि दुसऱ्या शाळेने घेतले की तिथून निघते. मुख्याध्यापकांना आपल्या लॉगिनमधून ड्रॉपबॉक्समध्ये अडकलेल्या मुलांची यादी पाहता येते. ती यादी आधी काढा. तिच्यात नाव नसेल तर मूल कुठेतरी दाखल झाले आहे, त्याला ‘स्थलांतर’ लिहा. नाव असेल तर घरी फोन करा. पुष्कळदा मूल नव्या शाळेत बसत असते, पण तिथल्या शाळेने दाखल्याची वाट पाहत नोंद केलेली नसते. अशा वेळी दोन मुख्याध्यापकांचे फोनवर बोलणे झाले की काम होते. फोन करूनही शाळा सापडली नाही, तरच ‘गळती’ लिहा, आणि त्या ओळी केंद्रप्रमुखांकडे त्याच आठवड्यात द्या, कारण शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात पुन्हा दाखल करता येते आणि त्यासाठी ग्रामसभेची वाट पाहण्याची गरज नाही.